राखीव लाइनमन: ५३ जणांत जागा कशी मिळते, आणि हातात किती पडतं

तुमचा मुलगा, पुतण्या किंवा भाचा अमेरिकेतल्या कॉलेजात फुटबॉल खेळतो, ऑफेन्सिव्ह लाइनमध्ये उभा राहतो, शेवटचं वर्ष चालू आहे आणि एखाद्या एजंटचा फोन येऊन गेला आहे. आता घरात एनएफएलचा विषय निघणारच. बातम्यांत झळकणारे मोठे करार ड्राफ्टच्या पहिल्या-दुसऱ्या फेरीत निवडल्या गेलेल्यांचे असतात. बाकीच्यांसमोरचे प्रश्न वेगळे: संघ राखीव लाइनमन म्हणून कुणाला ठेवतो, कुणाला घरी पाठवतो, आणि तोपर्यंतचा खर्च कुणाच्या खिशातून जातो?

खालचे पगाराचे आकडे २०२५ च्या हंगामाचे आहेत. ते दरवर्षी वाढतात. सही करण्याआधी चालू वर्षाचा तक्ता खेळाडूंच्या संघटनेकडून, म्हणजे एनएफएलपीएकडून मागून घ्या. फुकट मिळतो.

शिबिरात प्रशिक्षक मुलाचं कौतुक करतील, ते मनापासूनही असेल. पण कौतुकावर संघाचा एक डॉलर खर्च होत नाही. मुलाला काढून टाकलं तर संघाला किती भुर्दंड बसेल, हे करारात लिहिलेलं असतं. तुम्ही त्या आकड्याकडे बघा.

जागा किती असतात

उन्हाळ्यात प्रत्येक संघाकडे ९० खेळाडू असतात. सहसा ऑगस्टच्या अखेरच्या आठवड्यातल्या मंगळवारी, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेप्रमाणे दुपारी ४ वाजेपर्यंत, त्यांचे ५३ करावे लागतात. पूर्वी ही छाटणी टप्प्याटप्प्याने व्हायची. २०२३ पासून एका दमात होते. २०२५ मध्ये ती २६ ऑगस्टला झाली.

९० जणांत लाइनमन साधारण १५ असतात. ५३ मध्ये बहुतेक संघ ९ ठेवतात. कुणी ८, कुणी १०. त्यातले पाच पहिल्या फळीतले, त्यांची नावं जुलैतच ठरलेली. सहावा आणि सातवाही बहुधा ठरलेला. राहिले आठ जण आणि त्यांच्यासाठी जागा दोन, कधी एकच. त्याखाली १६ जणांचं प्रॅक्टिस स्क्वाड असतं, त्यात दोन-तीन लाइनमन मावतात. एखाद्या संघाच्या शिबिरात मुलगा बारावा-तेरावा असेल, तर तुम्ही खरं तर प्रॅक्टिस स्क्वाडच्या पगाराचा हिशेब मांडायला हवा, ५३ च्या नाही.

संघ नेमकं काय बघतो

सुरुवात सामन्याच्या दिवशीच्या नियमापासून करा, कारण राखीव लाइनमनची किंमत तिथे ठरते. ५३ पैकी सगळे गणवेश घालत नाहीत. संघाने किमान ८ लाइनमन तयार ठेवले तर एकूण ४८ जणांना मैदानात आणता येतं. ८ पेक्षा कमी असतील तर ४७. म्हणजे आठवा लाइनमन दुसऱ्या कुणाची जागा खात नाही, तो स्वतःची जागा घेऊन येतो. त्यामुळे जवळपास प्रत्येक संघ आठ जण तयार ठेवतो: पाच खेळणारे, तीन राखीव.

आता हे तीन राखीव मिळून पाच जागा सांभाळणार: डावा टॅकल, डावा गार्ड, सेंटर, उजवा गार्ड, उजवा टॅकल. एकाच जागेवर खेळता येणारा मुलगा इथे अडकतो. फक्त उजवा गार्ड खेळणारा कितीही ताकदवान असला, तरी त्याला ठेवलं की दुसरी एखादी जागा उघडी पडते. म्हणून संघ दोन प्रकारची माणसं शोधतात.

पहिला, दोन्ही बाजूंना खेळू शकणारा टॅकल. त्याला स्विंग टॅकल म्हणतात. ऐकायला सोपं वाटतं, पण डावीकडून उजवीकडे गेलं की मागे टाकायचा पाय बदलतो, पहिला धक्का देणारा हात बदलतो, अंगवळणी पडलेलं सगळं उलटं होतं. चार वर्षं एकाच बाजूला खेळलेल्याला हे एका शिबिरात जमत नाही. दुसरा, दोन्ही गार्डच्या जागांवर खेळणारा आणि सेंटर म्हणून चेंडूही मागे देऊ शकणारा. क्वार्टरबॅक पाचेक यार्ड मागे उभा असताना चेंडू दर वेळी त्याच्या छातीपाशी पोचला पाहिजे. दोन चेंडू डोक्यावरून गेले, तर त्या मुलाच्या नावापुढे फुली पडली असं समजा.

मुलाला एवढंच विचारा: गेल्या वर्षभरात किती जागांवर खेळलास, आणि चेंडू मागे देता येतो का? उत्तर ‘एक’ आणि ‘नाही’ असेल, तर ड्राफ्टपूर्वीच्या महागड्या प्रशिक्षणापेक्षा रोज सराव संपल्यावर अर्धा तास चेंडू मागे द्यायला लावणं अधिक कामाचं. त्याला पैसे पडत नाहीत. अंगकाठीचंही भान ठेवा. हाताची लांबी ३३ इंचांच्या आत असेल तर बहुतेक संघ त्याला टॅकल धरतच नाहीत, आत सरकवतात. मग टॅकल म्हणून तयारी करण्यात वर्ष घालवू नका.

या राखीव माणसांची किंमत संघांना चांगली कळते. फिलाडेल्फिया ईगल्सचा डावा टॅकल जेसन पीटर्स ऑक्टोबर २०१७ मध्ये जायबंदी झाला. त्याच्या जागी पाचव्या फेरीत निवडलेला हॅलापुलिवाटी वैताई उभा राहिला, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ईगल्सनी पेट्रियट्सना ४१–३३ हरवून सुपर बोल जिंकला. उलट बाजू फेब्रुवारी २०२१ ची. कॅन्सस सिटी चीफ्सचे दोन्ही टॅकल, एरिक फिशर आणि मिचेल श्वार्ट्झ, अंतिम सामन्याला नव्हते. त्यांचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स सामनाभर पळत राहिला आणि चीफ्स ३१–९ असे हरले. म्हणून आजही छाटणीच्या आसपास संघ राखीव टॅकलसाठी ड्राफ्टमधली निवड मोजतात. ऑगस्ट २०२५ मध्ये ईगल्सनी फ्रेड जॉन्सनला जॅक्सनविलकडून परत आणलं, सातव्या फेरीतली एक निवड देऊन. मार्चमध्ये तो त्यांच्याकडूनच गेला होता.

तुमच्यासाठी यातली काळजीची बाब अशी की छाटणीच्या आठवड्यात मुलाची स्पर्धा फक्त शेजारच्या खाटेवरच्या पोराशी नसते. इतर ३१ संघांनी सोडलेल्या, सोडू घातलेल्या सगळ्यांशी असते.

बैठकीत काय होतं तेही समजून घ्या. जनरल मॅनेजर, मुख्य प्रशिक्षक, खेळाडू निवडणारे अधिकारी, लाइनचा प्रशिक्षक आणि स्पेशल टीम्सचा प्रशिक्षक बसतात. लाइनच्या प्रशिक्षकाला दहावा माणूस हवा असतो. स्पेशल टीम्सच्या प्रशिक्षकाला त्या जागी एखादा लाइनबॅकर किंवा सेफ्टी हवा असतो, कारण तो पंट आणि किकऑफवर धावतो. राखीव लाइनमन फील्ड गोल आणि एक्स्ट्रा पॉइंटच्या वेळी रांगेत उभा राहतो, त्यापलीकडे स्पेशल टीम्समध्ये त्याचा फारसा उपयोग नसतो. त्यामुळे दहावी जागा मिळालीच, तर ती उद्यासाठी राखलेल्या मुलाला मिळते. जॉर्डन मेलाटा हे त्याचं ठळक उदाहरण. ऑस्ट्रेलियात रग्बी खेळलेला, अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना न खेळलेला मुलगा ईगल्सनी २०१८ मध्ये सातव्या फेरीत घेतला आणि सांभाळला. २०२० मध्ये तो पहिल्या फळीत आला. अशी वाट बघायला अंगी काहीतरी विरळा लागतं. फक्त ‘बरा’ असलेल्या मुलासाठी कुणी दोन वर्षं थांबत नाही.

आणि मग पैसा. दोन मुलं सारखीच खेळत असतील, तर चौथ्या फेरीत निवडलेला राहतो आणि न निवडलेला जातो. त्याला बोनस दिलेला असतो. काढलं तर ती रक्कम वेतनमर्यादेत नुसतीच अडकून राहते. २०२५ मध्ये ही मर्यादा प्रत्येक संघाला २७ कोटी ९२ लाख डॉलर होती. अनुभवी माणूसही वाटतो तेवढा महाग पडत नाही. चार किंवा अधिक हंगाम झालेल्या खेळाडूला किमान पगारावर घेतलं, तर एका सवलतीमुळे मर्यादेत दोन वर्षं झालेल्या खेळाडूएवढाच, म्हणजे १० लाख ३० हजार डॉलरच, धरला जातो. ‘अनुभवी महाग, आमचा मुलगा स्वस्त, म्हणून त्यालाच ठेवतील’ या भरवशावर राहू नका.

सोडलं तर त्याच रात्री काय करायचं

चारपेक्षा कमी हंगाम जमा असलेल्या खेळाडूला सोडलं की तो वेव्हर्सवर जातो. म्हणजे इतर संघांना त्याच्यावर हक्क सांगता येतो, आणि हक्क सांगणाऱ्याने त्याला ५३ मध्ये ठेवावं लागतं. मुदत दुसऱ्या दिवशी, बुधवारी, दुपारी १२ वाजेपर्यंत. दोन संघांनी एकच नाव मागितलं तर गेल्या हंगामात दुबळा ठरलेला संघ आधी. कुणीच मागितलं नाही तर मुलगा मोकळा.

मोकळा म्हणजे खरोखर मोकळा. जुन्या संघाचा माणूस सांगेल, ‘उद्या आमच्या प्रॅक्टिस स्क्वाडवर ये, सगळं ठरलं आहे.’ मुलावर तसं कसलंही बंधन नाही. ज्या संघात राखीव लाइनमन कमी किंवा वयस्क आहेत, तिथे गेलेलं बरं. बुधवारी दुपारी दोन-तीन तासांतच जागा भरतात, म्हणून कुठले चार संघ चालतील याची यादी सोमवारी रात्रीच एजंटकडून लिहून घ्या.

तीन सरावसामन्यांची चित्रफीत सगळ्या ३२ संघांकडे असते. शेवटच्या सामन्याच्या चौथ्या क्वार्टरमध्ये, स्टेडियम अर्धं रिकामं झालेलं असताना तो जे खेळला, ते बुधवारी सकाळी कुठेतरी कुणीतरी बघत असतं. मुलाला हे आधी सांगा.

आणखी एक आडवाट तुम्हाला माहीत हवी. चार हंगाम पूर्ण केलेला अनुभवी खेळाडू पहिल्या आठवड्यात ५३ मध्ये असेल, तर त्याच्या वर्षभराच्या मूळ पगाराची जबाबदारी संघावर येते. त्याला वेव्हर्सही लागू नसतात. म्हणून संघ अशा एखाद्याला मंगळवारी सोडतात आणि जायबंदी खेळाडूंची कागदपत्रं होऊन जागा मोकळी झाली की एक-दोन दिवसांत, किंवा पहिला सामना उलटल्यावर, परत घेतात. याचा अर्थ मंगळवारी जाहीर होणारे ५३ हे कच्चे ५३. यादीत नाव दिसलं म्हणून लगेच पेढे वाटू नका, गुरुवारपर्यंत थांबा. शेवटच्या दोन नावांतलं एखादं बुधवारी पुसलं जातं, आणि ते पुष्कळदा राखीव लाइनमनचं असतं.

हातात किती पडतं

५३ मध्ये असलेल्या नवख्याचा किमान पगार ८ लाख ४० हजार डॉलर. हंगाम १८ आठवड्यांचा, म्हणून आठवड्याला सुमारे ४६,६६७. ज्या आठवड्यात तो यादीत आहे त्या आठवड्याचेच पैसे मिळतात. चार आठवडे राहिला तर सुमारे १,८६,६६७. आठ लाख नव्हे. एक हंगाम जमा झालेल्याला वर्षाला ९ लाख ६० हजार, दोन झालेल्याला १० लाख ३० हजार.

प्रॅक्टिस स्क्वाडवर आठवड्याला १३,००० डॉलर. अठराही आठवडे टिकला तर २,३४,०००. हा करार आठवड्याचा असतो, कुठल्याही दिवशी संपू शकतो.

स्क्वाडवरच्या मुलाला संघ एखाद्या सामन्यापुरता वर घेऊ शकतो. त्या आठवड्याचा पगार ५३ वाल्याचा. पण एका हंगामात असं तीनदाच करता येतं. चौथ्यांदा हवा असेल तर रीतसर ५३ मध्ये घ्यावं लागतं. तिसऱ्यांदा वर गेल्यावर एजंटने संघाला फोन करायला हवा. त्याने केला नाही तर तुम्ही एजंटला करा. दुसरा संघ त्याला स्क्वाडवरून उचलू शकतो, पण थेट ५३ मध्येच आणि किमान तीन आठवड्यांच्या पगाराच्या हमीवर. म्हणजे सुमारे १ लाख ४० हजार. असा फोन आला तर ‘इथले प्रशिक्षक आवडतात’ म्हणून नाही म्हणण्याआधी हा आकडा समोर ठेवा.

शिबिराच्या काळात पगार नसतो, छोटा ठरावीक भत्ता मिळतो. आणि मे महिन्यातल्या नवख्यांच्या शिबिराला ‘ट्रायआउट’ म्हणून बोलावलं असेल, तर करारच नसतो. मुलगा नोकरी सोडून चालला असेल तर हे आधी विचारून घ्या.

लांब पल्ल्याचा एक हिशेब पालकांच्या लक्षात सहसा येत नाही. सहा सामन्यांच्या काळात पूर्ण पगारावर असेल तर एक हंगाम जमा होतो. पुढे कुणाशीही करार करायची मोकळीक त्यावर ठरते. निवृत्तिवेतन आणि खेळ सोडल्यानंतरच्या आरोग्य विम्यासाठी वेगळी मोजणी असते: तीन सामन्यांचं एक वर्ष, आणि अशी तीन वर्षं. डिसेंबरमध्ये मुलगा दोन सामन्यांवर असेल आणि कुणी तिसऱ्यासाठी ५३ मध्ये घेत असेल, तर कमी पैशांतही हो म्हणा.

एजंट: टक्का आणि टक्क्याबाहेरचं

एजंट एनएफएलपीएचा नोंदणीकृतच हवा. नाव संघटनेकडे पडताळता येतं. त्याचा मेहनताना जास्तीत जास्त ३ टक्के. ठरावीक नमुन्याच्या करारपत्रावर टक्क्यांचे पर्याय छापलेले असतात. कशावरच खूण केली नाही तर १.५ टक्के धरले जातात. ८ लाख ४० हजारांवर ३ टक्के म्हणजे २५,२००, आणि १.५ म्हणजे १२,६००. न निवडलेल्या नवख्याचा पगार किमान तक्त्यावरच ठरतो, त्यात घासाघीस करण्यासारखं फार थोडं असतं. मग ३ कशाला? दीडवर खूण करा. हातात पडलेल्या पैशावरच टक्का द्यायचा असतो, आगाऊ कधीही नाही. पाच दिवसांची लेखी सूचना देऊन एजंट बदलता येतो.

खरी मेख ड्राफ्टपूर्वीच्या प्रशिक्षणात असते. जानेवारी ते मार्च फ्लोरिडा, ॲरिझोना किंवा टेक्सासमधल्या एखाद्या केंद्रात राहणं, खाणं, फिजिओ, व्यायाम यांचा खर्च सहज पाच आकड्यांत जातो. एजंट म्हणतो, ‘तो माझ्याकडे.’ विचारा: ही भेट की उसने? मुलगा ५३ मध्ये आला नाही तर परत मागणार? एजंट बदलला तर? उत्तर करारपत्रासोबतच्या कागदावर लिहून हवं, तोंडी चालणार नाही. भावी पगारावर कर्ज देणारे सावकारही याच दिवसांत भेटतात. त्यांच्या दारात जाऊ नका. आणि एनएफएलसाठीच्या एजंटशी सही झाली की कॉलेजच्या खेळाची दारं बंद झाली असं समजून चाला.

शनिवारचा फोन

ड्राफ्ट एप्रिलच्या अखेरीस, गुरुवार ते शनिवार. शनिवारी सातवी फेरी संपत येते आणि फोन वाजू लागतात. न निवडलेल्या मुलांना निर्णयासाठी मिनिटं मिळतात. कौतुकाला भुलायचं नसेल तर आधीच एक कागद तयार ठेवा.

प्रत्येक संभाव्य संघासाठी लिहा: करारात असलेले लाइनमन किती, त्यातले तिशीपुढचे किती, गेल्या दोन वर्षांत ड्राफ्टमधून घेतलेले किती, आणि त्या तीन दिवसांत नवे किती घेतले. दोन टॅकल नुकतेच निवडलेल्या संघाने तुमच्या टॅकलला ५,००० डॉलर जास्त बोनस देऊ केला, तरी तिथे जाऊ नका. राखीव सेंटर नसलेल्या संघात, कमी बोनसवर, चेंडू मागे देता येणारा मुलगा टिकण्याची शक्यता जास्त.

मग करार. निवडलेल्यांचा चार वर्षांचा, न निवडलेल्यांचा तीन वर्षांचा. तीन वर्षांची मोठी बेरीज बघून हुरळू नका, कारण हमी नसेल तर ती कागदावरच राहते. तीन गोष्टी शोधा. सही केल्याचा बोनस किती. तो हातात येतो. मूळ पगारातली हमी किती. संघाने किती मनावर घेतलं आहे हे तिथे कळतं. आणि तिसरं, बारीक अक्षरातलं: वजावटीचं कलम. समजा १ लाखाची हमी आहे आणि छाटणीनंतर मुलगा त्याच संघाच्या स्क्वाडवर गेला. वजावटीचं कलम असेल तर स्क्वाडचा पगार त्या एक लाखातूनच वळता होतो, वर मिळत नाही. दोन्ही बेरजा एकत्र करून घरखर्च आखला असेल तर तो कोसळतो.

विभागलेला पगारही बघा. जायबंदी यादीत गेला तर पूर्ण नव्हे, कमी रक्कम मिळणार असं बहुतेक नवख्यांच्या करारात असतं. दोन आकडे शेजारी छापलेले असतात. एजंट पहिलाच वाचून दाखवतो.

कागदपत्रं आणि बिऱ्हाड

पासपोर्ट, सोशल सिक्युरिटी कार्ड, वाहन परवाना, बँक खात्याचा तपशील, लहानपणापासूनच्या शस्त्रक्रिया आणि एमआरआयचे अहवाल. सगळ्याच्या दोन प्रती. मुलगा अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसेल, एफ-१ वर शिकत असेल, तर फेब्रुवारीतच इमिग्रेशनच्या वकिलाला गाठा. व्यावसायिक खेळाडूंसाठी पी-१ए व्हिसा असतो, आणि परवानगीशिवाय कमावलेला एक डॉलरही पुढे ग्रीन कार्डच्या वेळी आडवा येतो. संघाचा माणूस ‘ते आम्ही बघतो’ म्हणाला तरी मुलाचा वकील वेगळा हवा.

घर वर्षाच्या कराराने घेऊ नका. शिबिरात संघ राहायची सोय करतो; नंतर आठवड्याच्या किंवा महिन्याच्या भाड्याने राहा. आठवड्याचा पगार आणि बारा महिन्यांचं भाडं ही जोडी भल्याभल्यांना बुडवते. दुसऱ्या संघाने हक्क सांगितला तर सहसा दुसऱ्याच दिवशी विमानात बसावं लागतं. सामान दोन बॅगांत मावेल एवढंच नेऊ द्या, गाडी घरीच ठेवा.

करही एकाच राज्याचा नसतो. टेक्सास, फ्लोरिडा, टेनेसी, नेवाडा आणि वॉशिंग्टन इथे राज्याचा आयकर नाही, पण कॅलिफोर्नियात जाऊन खेळलेल्या दिवसांच्या कमाईवर कॅलिफोर्निया कर घेतं. डिसेंबरपर्यंत सहा-सात राज्यांची विवरणपत्रं होतात. खेळाडूंचे कर भरणारा हिशेबनीस घ्या. नेहमीचा ओळखीतला चालणार नाही. फी आधी विचारा, राज्यामागे की एकरकमी तेही. पगारातला निदान निम्मा हिस्सा वेगळ्या खात्यात टाकून विसरून जा, एप्रिलपर्यंत.

दुखापत झाली तर

राखीव लाइनमनचं सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं, म्हणून हा भाग मुलाला स्वतः वाचू द्या.

गुडघा, खांदा, पाठ. दुखत असलं तरी जागा जाईल या भीतीने मुलं बोलत नाहीत. त्यांना सांगा: दुखापत झाली त्या दिवशी संघाच्या ट्रेनरकडे नोंद करायची, तारखेसह. नोंद नसलेली दुखापत नंतर सिद्ध करणं फार अवघड जातं. दुसऱ्या डॉक्टरचं मत घेण्याचा त्याला हक्क आहे, आणि आधी रीतसर कळवलं तर त्याचा खर्च संघ देतो.

जायबंदी असताना नवख्याला सोडलं आणि कुणी मागितलं नाही, तर तो त्या संघाच्या जायबंदी यादीवर जातो. छाटणीपूर्वी त्या यादीत गेलेल्याचा हंगाम जवळपास संपलाच. फक्त छाटणीच्या दिवशी दोघांना परतीच्या अटीवर ठेवण्याची मुभा २०२४ पासून संघांना आहे, आणि ती राखीव लाइनमनसाठी क्वचित खर्च होते. संघ मग तडजोडीची रक्कम पुढे करतो: अमुक आठवड्यांचे पैसे घे आणि मोकळा हो. आठवडे कोण मोजतं ते बघा. संघाचा डॉक्टर चार म्हणाला आणि तुमचा आठ, तर चारवर सही करू नका. लवकर बरा होऊन दुसरीकडे खेळता येईल असं वाटत असेल तर तडजोड फायद्याची. शस्त्रक्रिया लागणार असेल तर यादीत राहणंच बरं, उपचार संघाच्या खर्चाने होतात.

सोडण्याची वेळ सकाळची असते. कुणीतरी येऊन सांगतं: टॅबलेट घे, प्रशिक्षकांनी वर बोलावलं आहे. टॅबलेट परत द्यावाच लागतो, त्यात संघाच्या सगळ्या चाली असतात. निघताना डॉक्टर तपासतात आणि एक कागद पुढे सरकवतात: मी तंदुरुस्त आहे, खेळण्यास पात्र आहे. काही दुखत असेल तर त्यावर सही करायची नाही. काय दुखतं ते त्याच कागदावर स्वतःच्या हाताने लिहायचं, फोनवर फोटो काढायचा आणि इमारतीतून बाहेर पडण्याआधी एजंटला आणि तुम्हाला पाठवायचा. दुखापतीबद्दलची तक्रार २५ दिवसांच्या आत दाखल करावी लागते. दिवस त्या सकाळपासून मोजा, आणि तक्रार एजंट नव्हे तर एनएफएलपीएचे वकील लिहितात. त्यांना त्याच दिवशी फोन करा.